सिंक दाबलं म्हणजे डीजे खोटा?

"सिंक दाबणारा खरा डीजे नाही, त्याची स्वतःची स्टाईल कधी बनत नाही", गणपती जवळ आले की मुंबईतल्या ग्रुप्सवर सिंकबद्दल, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणाऱ्या बटणाबद्दल, हे फिरतंच. असं वाटणं साहजिक आहे, विनाइलवर (जुन्या तबकड्यांवर) बीट कानानेच जुळवावे लागायचे आणि ते शिकायला खरंच वेळ जायचा.

पण सिंक करतं काय, तर दोन गाण्यांचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) सारखा करतं आणि ठोक्यावर ठोका बसवतं, बस. कोळीगीतानंतर हाउस (इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत) लावायचं का, कुठल्या ओळीवर आत घ्यायचं, कुणाचा बेस कापायचा हे सगळं तुमच्यावरच, आणि स्टाईल दिसते ती तिथेच.

घरी करून बघा. सिंक चालू ठेवून दुसरं गाणं पहिल्याच्या कडव्यात मधेच सोडा, ठोके जुळलेले असतात तरी कानाला खटकतं. मग तेच गाणं कडवं संपताना सोडा (डान्स ट्रॅकमध्ये बहुतेक वेळा ३२ ठोक्यांनी वळण येतं) आणि त्याच क्षणी जुन्याचा बेस खाली घ्या. बटण तेच, फरक ऐका.

कान तयार हवाच हां. जुनी गाणी वादकांनी लाइव्ह वाजवलेली, लय थोडी पुढेमागे होते, तिथे ग्रिड (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) चुकते, सिंक घसरतं आणि वरळी कोळीवाड्यातल्या हळदीत भर नाचात असं झालं तर जॉग व्हीलवर (मशीनवरच्या गोल चाकावर) हातानेच सावरावं लागतं.