पोकळीतला न विझणारा ठिपका

प्रकाशाचा बारीक झोत सोडला की तो पसरतो. दोन आरशांमधल्या पोकळीत कोंडला, तर प्रत्येक फेरीला थोडा गळतोही. तरीसुद्धा अशा पोकळीत प्रकाशाचे लहान ठिपके जागच्या जागी टिकतात आणि पुरेसं अंतर असेल तर एक पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही.

या ठिपक्यांची कुळकथा बहुधा १८३४ पासून, जॉन स्कॉट रसेल यांना स्कॉटलंडमधल्या कालव्यात दिसलेल्या एकाकी लाटेपासून सांगतात. नातं खरं, पण लांबचं. ती लाट एकदा उठली की आपल्याच बळावर धावते. ठिपक्याला मात्र बाहेरून लेझरचा अखंड रतीब लागतो. पसरण्याला अरेषीय माध्यम, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार ज्याचं वागणं बदलतं असा पदार्थ, आवर घालतो आणि गळती लेझर भरून काढतो, असे दोन तोल एकाच वेळी साधावे लागतात. त्याची सख्खी भावंडं शोधायची तर रसायनशास्त्रात जावं लागेल. ब्रुसेल्समध्ये इल्या प्रिगोजीन यांचा गट ऊर्जा मिळत राहिली तरच टिकणाऱ्या नक्ष्यांचा अभ्यास करत होता. त्याच परंपरेतले रने लफेव्हर आणि इटलीचे लुईजी लुजातो यांनी १९८७ मध्ये अशा नक्ष्या प्रकाशातही उमटतील हे दाखवणारं समीकरण मांडलं.

१९९० च्या दशकात नक्षीतला एकटा ठिपका सुटा काढता येतो हे गणितातून स्पष्ट झालं, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक बिट हे स्वप्न सुरू झालं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे १५० मायक्रोमीटर रुंदीच्या अर्धवाहक पोकळीत सुमारे १० मायक्रोमीटरचे ठिपके दुसऱ्या बारीक झोताने लिहिले आणि पुसले गेले. अडचण क्षुल्लक वाटावी अशी होती: अर्धवाहकाच्या थरात कुठेतरी सूक्ष्म दोष असतो आणि ठिपका तिथेच जाऊन अडकतो.

माझ्या मते खरं वळण १९९२ चं. प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूच्या, म्हणजे फायबरच्या, वेटोळ्याला १९८७ चं तेच समीकरण लागू पडतं, फक्त जागेच्या ठिकाणी काळ घ्यायचा, हे तेव्हा मांडलं गेलं. २०१० मध्ये ब्रुसेल्समध्येच ३८० मीटर फायबरच्या वेटोळ्यात सुमारे ४ पिकोसेकंदांचे (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक ठोके, फिरत ठेवले गेले. काचेत असा एक स्पंद मिलिमीटरभरही लांब नसतो. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या टोबियास किपेनबर्ग यांच्या गटाने मॅग्नेशियम फ्लोराइडच्या छोट्याशा स्फटिकात तेच साधलं. तिथे फिरणारा एकच स्पंद दर फेरीला थोडा बाहेर झिरपतो आणि त्यातून समान अंतरावरच्या वारंवारितांचा कंगवा मिळतो.