लग्न झालं म्हणून लेकीचा हिस्सा जात नाही

"लेक सासरी गेली की बापाच्या वावरात तिचा हिस्सा संपला," असं विदर्भातल्या गावागावांत अजून सांगतात. ते खरं नाही. समज आला कुठून तेही कळतं: हिंदू वारसा कायद्यातल्या महाराष्ट्राच्या १९९४च्या दुरुस्तीत आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. पण ९ सप्टेंबर २००५ पासून याच कायद्यात विवाहित मुलगीही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हक्कदार आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वीची रीतसर वाटणी मात्र मोडत नाही.

तलाठ्याकडून सातबारा आणि वारसाचा फेरफार (वारसांची नावं चढवल्याची नोंद) काढा, बहिणींची नावं बघा. नाव नसलं तरी हक्क बुडत नाही. कारण सातबारा ही फक्त महसुली नोंद आहे, मालकी ठरवणारा कागद नाही. राखीला आलेल्या बहिणीपुढे "फक्त सही कर" म्हणून सरकवलेला कागद हक्कसोडपत्र असू शकतो. त्याची नोंदणी झाली, तर हिस्सा खरोखरच जातो.