मांजराची शुगर घरी तपासायला लागलो त्यामागची गोष्ट

आमच्या बंड्याला (बोका, वय ११, तेव्हा वजन पावणेसात किलो) डायबेटिस आहे असं कळलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आईने विचारला, माणसाचं इन्सुलिन मांजराला कसं काय चालतं गं? तिला स्वतःला १५ वर्षं शुगर आहे, फ्रिजच्या दारात तिची इन्सुलिनची व्हायल (छोटी बाटली) असतेच, तिच्या शेजारी बंड्याची ठेवायची हे तिला पटेना. मी वाचत गेले तसं लक्षात आलं की इन्सुलिन मुळात जनावरांचंच होतं, माणसंच ते ६० वर्षं उसनं घेत होती. आणि त्यातलं गाईचं इन्सुलिन माणसापेक्षा मांजराच्या जास्त जवळचं. हे कळल्यावर मला राहवेना म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

सुरुवात कुत्र्यांपासून होते. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्या कुत्र्याला डायबेटिस झाला, तिथून कळलं की आजाराचं मूळ स्वादुपिंडात आहे. मग १९२१ मध्ये टोरांटोला बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी परत कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही, अर्क शुद्ध नव्हता, ॲलर्जी आली. मग त्यांच्याच टीममधल्या कॉलिप या बायोकेमिस्टने तो शुद्ध केला आणि १२ दिवसांनी दिलेल्या डोसने मुलाची शुगर उतरली. पेटंट त्यांनी युनिव्हर्सिटीला प्रत्येकी नाममात्र १ डॉलरला देऊन टाकलं. त्यानंतर जगभर जे इन्सुलिन मिळायचं ते कत्तलखान्यातल्या गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं.

आता हा पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५० च्या दशकात फ्रेडरिक सँगरने गाईच्या इन्सुलिनची अख्खी रचना उलगडली, मिळून ५१ अमिनो ॲसिडच्या दोन साखळ्या, १९५८ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. नंतर बाकीच्या प्राण्यांचीही तपासली गेली तेव्हा दिसलं की डुकराचं आणि कुत्र्याचं इन्सुलिन अगदी सारखं, माणसाचं डुकरापेक्षा फक्त एका ठिकाणी वेगळं, आणि मांजराचं गाईपेक्षा एकाच ठिकाणी वेगळं. माणसाच्या आणि मांजराच्या इन्सुलिनमध्ये मात्र ४ ठिकाणी फरक. म्हणजे गाईचं इन्सुलिन होतं तोवर मांजरांचं बरं चाललं होतं, कोणी त्यांचा वेगळा विचार केला म्हणून नाही, निव्वळ योगायोगाने. त्यातही प्रोटामाइन झिंक इन्सुलिन, पीझेडआय म्हणतात ते, १९३० च्या दशकातलं, हळूहळू काम करणारं, ते मांजरांना चांगलं मानवायचं कारण मांजराचं शरीर इन्सुलिन फार पटकन संपवतं, माणसाला दिवसभर पुरणारा प्रकार मांजरात ८-१० तासांत आटपतो.

मग १९७८ मध्ये बॅक्टेरियाकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेता आलं, १९८२ पासून ते बाजारात आलं, आणि माणसांसाठी ही खूप मोठी सोय झाली. पण जनावरांच्या इन्सुलिनची मागणी गेली, कंपन्यांनी ते बंद करत आणलं, अमेरिकेत जुनं गाय-डुक्कर पीझेडआय ९० च्या दशकात गेलंच, त्यात गाईंच्या मॅड काऊ आजाराची भीती आली. मांजरांचे व्हेट (जनावरांचे डॉक्टर) आणि मालक दोघंही अडकले. डुकराचं लेन्टे प्रकारचं (मध्यम काळ टिकणारं) इन्सुलिन जनावरांसाठी होतं, ते अमेरिकेत कुत्र्यांसाठी २००४ ला आणि मांजरांसाठी २००८ ला मंजूर झालं, २००९ मध्ये त्याच्या क्वालिटीची अडचण निघून ते मिळेनासं झालं ते २०१३ ला परत आलं. ज्याच्या घरी रोज दोन वेळा टोचायचं मांजर आहे त्याला ती चार वर्षं काय गेली असतील याची मला कल्पना करवत नाही.

यातून वाट निघाली ती परत माणसाच्याच औषधातून, ग्लार्जिन. २००० मध्ये मंजूर झालेलं हे इन्सुलिन बाटलीत आम्लधर्मी असतं आणि कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण बनून साठतात, ते सावकाश विरघळत राहतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीत जॅकी रँड आणि त्यांच्या टीमने ते मांजरांना देऊन बघितलं. २००९ मध्ये छापलेला त्यांचा अभ्यास छोटा आहे, नवीनच डायबेटिस झालेली २४ मांजरं, ८-८-८ चे तीन गट. ग्लार्जिनवाल्या आठही मांजरांचं इन्सुलिन सुटलं, पीझेडआयवाल्या ३ जणांचं आणि लेन्टेवाल्या २ जणांचं. फक्त २४ मांजरं, त्यामुळे आकड्यांवर फार उड्या मारू नयेत, पण त्यानंतर मांजराच्या डायबेटिसकडे बघायची नजर बदलली हे खरं.

इन्सुलिन सुटतं म्हणजे काय, तर रेमिशन, इन्सुलिन न देताही शुगर नॉर्मल राहणं. कुत्र्यांमध्ये हे सहसा होत नाही. मांजराचा डायबेटिस माणसाच्या टाइप टूसारखा असतो, आणि त्याचा एक पुरावा चक्क मांजराच्याच स्वादुपिंडातून आलाय, १९८७ मध्ये स्वीडनच्या वेस्टरमार्क यांच्या टीमने दाखवलं की डायबेटिस झालेल्या मांजराच्या स्वादुपिंडात जो चिकट साका साठतो तो माणसाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या ट्यूमरमध्ये सापडणाऱ्या प्रोटीनचाच आहे. शुगर वाढलेली राहिली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्या साखरेनेच दमतात, लवकर शुगर खाली आणली की काही पेशी परत कामाला लागतात. म्हणून सगळा जोर पहिल्या काही महिन्यांवर. सोबत कोरडं खाणं बंद करून कमी कार्बचं ओलं खाणं.

पण शुगर इतकी खाली आणायची तर ती रोज कळायला हवी ना, आणि इथेच घरच्या टेस्टचा विषय येतो. पूर्वी काय करायचे, तर मांजराच्या शू मध्ये पट्टी बुडवून रंग बघायचा आणि त्यावरून डोस ठरवायचा. पण मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली शुगर अडीचशेच्या पुढे गेल्यावर, म्हणजे शुगर ८० आहे का २०० आहे का धोकादायक ४० आहे हे पट्टीला कळतच नाही. माणसांसाठी रक्ताची पट्टी १९६० च्या दशकात आली, डेक्स्ट्रोस्टिक्स, मोठा थेंब टाकायचा, ६० सेकंद थांबायचं, पाण्याने धुवायचं, रंग जुळवायचा. १९७० ला त्याचा पहिला मीटर आला, तो किलोभराहून जड, डॉक्टरांसाठीच होता. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या डायबेटिक इंजिनियरने आपल्या डॉक्टर बायकोच्या नावावर तो मिळवला आणि घरी दिवसातून अनेकदा स्वतःची शुगर तपासू लागला. रुग्णाने घरी तपासणं हा प्रकार त्याच्यासारख्यांनी रेटल्यामुळे पुढे आला.

मांजराच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, क्लिनिकमध्ये नेलं की घाबरून मांजराची शुगर नुसत्या ताणानेच वर जाते. बंड्याची क्लिनिकमध्ये ३४० आणि त्याच दिवशी घरी आल्यावर दोन तासांनी २१० आली होती, खाणं नाही औषध नाही काही नाही. दिवसभर पिंजऱ्यात ठेवून काढलेल्या ग्राफवरून डोस वाढवायचा म्हणजे भीतीवर इन्सुलिन देण्यासारखं. यावर उपाय काढला तो झुरिकच्या क्लॉडिया रॉइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००० च्या सुमाराला त्यांनी दाखवून दिलं की मांजराच्या कानाच्या कडेला टोचून निघालेल्या एका थेंबावर माणसाचा छोटा मीटर काम करतो, आणि मग हे मालकांना शिकवून घरी करून बघितलं. तोवर मीटरही इतके सुधारले होते की खसखशीच्या दाण्याएवढं रक्त पुरायला लागलं होतं. ते नसतं तर मांजराच्या कानातून काय निघणार होतं.

मीटर माणसाचा असल्याने आकड्यात थोडा फरक पडतो. माणसाच्या रक्तातलं ग्लुकोज साधारण ५८ टक्के प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) आणि बाकी लाल पेशींत असतं, मांजरात ९३ टक्के प्लाझ्मातच, म्हणून माणसाचा मीटर मांजराची शुगर जरा कमी दाखवतो. नंतर जनावरांसाठी वेगळे मीटर निघाले पण त्यांच्या स्ट्रिप महाग, त्यामुळे भरपूर लोक माणसाचाच वापरतात, फक्त मीटर मध्येच बदलायचा नाही, एकच धरून त्याचे आकडे वाचायला शिकायचं.

पुढची मोठी गोष्ट मालकांच्या हातून घडली. २००९ मध्येच रूम्प या संशोधक आणि आधीच्याच जॅकी रँड यांनी ५५ मांजरांचा अभ्यास छापला, ही मांजरं जर्मनभाषक मालकांची, सगळी मोजणी घरी, सगळे डोस घरी, शुगर ५० ते १०० मध्ये ठेवायचं धोरण. ६४ टक्के मांजरं इन्सुलिनमधून सुटली, आणि निदानानंतर ६ महिन्यांच्या आत हे कडक नियंत्रण सुरू केलं त्यांच्यात ८४ टक्के, उशिरा सुरू केलं त्यांच्यात ३५. मी हे वाचलं तेव्हा बंड्याला साडेचार महिने झाले होते.

आपल्याकडचा एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. अमेरिका-युरोपात माणसांचं इन्सुलिन कधीच १०० युनिटच्या ताकदीवर (१ मिलिलिटरमध्ये १०० युनिट) गेलं, भारतात अजून ४० युनिटच्या व्हायल सर्रास मिळतात, आणि सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० साठी आणि केशरी टोपीची १०० साठी. आमचं ग्लार्जिन १०० चं होतं. पहिल्याच दिवशी मेडिकलवाल्याने आम्हाला ग्लार्जिनबरोबर लाल टोपीवाल्या सिरिंजचं पाकीट दिलं, आईची तीच असते म्हणून आम्हालाही काही वाटलं नाही. लाल सिरिंजमध्ये १ युनिटच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर बंड्याच्या अंगात अडीच युनिट गेलं असतं. व्हेटने फोनवर "टोपीचा रंग सांगा आधी" म्हणून विचारलं म्हणून वाचलो. मांजराचा सुरुवातीचा डोस १ युनिटच्या आसपास, त्यात अडीचपट म्हणजे झटके येऊन जीव जाऊ शकतो. आता आईची आणि बंड्याची सिरिंज वेगवेगळ्या डब्यात आहेत.

आमचं रोजचं असं, तांदळाची पुरचुंडी तव्यावर कोमट करायची, मिनिटभर कानाला धरायची, कान ऊबदार झाला की कडेची शीर फुगून गुलाबी दिसते, आतून कापसाचा बोळा लावायचा आणि शीर टोचायची नाही, शिरेच्या आणि कडेच्या मधली जागा टोचायची. थेंब आला की स्ट्रिप त्याला नुसती टेकवायची, स्ट्रिप रक्त स्वतः ओढते. मग अर्धा मिनिट बोटाने दाबून ठेवायचं, नाहीतर कानावर निळा डाग पडतो. आई आधी बघायची सुद्धा नाही, आता तीच बंड्याला मांडीवर धरते. ८० च्या खाली आकडा आला तर इन्सुलिन द्यायच्या आधी व्हेटला फोन, आणि मधाची बाटली ओट्यावर हाताशी असते, पेंगायला किंवा झोकांड्या द्यायला लागला तर हिरड्यांना चोळायला.

२०१४ ला माणसांसाठी दंडावर चिकटवायचा सेन्सर आला, तो मांजराच्या पाठीचे केस काढून लावतात आणि काही दिवस न टोचता आकडे मिळतात, पण बरीच मांजरं तो १४ दिवसांच्या आत काढून टाकतात. आणि अगदी अलीकडे अमेरिकेत तोंडाने द्यायची औषधं मंजूर झाली, डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन, जी जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढतात. ज्यांना सुई जमत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण यात शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन (शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात येणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून मांजर गंभीर होऊ शकतं, त्यामुळे मीटरवरचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कीटोनही बघावे लागतात, आणि आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजराला बेक्साग्लिफ्लोझिन द्यायचं नाही असं लेबलवरच आहे. बंड्या पहिल्या दिवसापासून इन्सुलिनवर आहे. त्याचं सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ तेच चालू आहे, डोस दीड युनिटवरून आता अर्ध्यावर आलाय.