बॅकस्टॉप : ब्रिटनची संसद नेमकी कशावर अडली?

15 जानेवारी 2019 च्या संध्याकाळी ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात सरकारचा 432 विरुद्ध 202 असा पराभव झाला. फरक 230 मतांचा होता. त्या देशाच्या आधुनिक संसदीय इतिहासात एवढा मोठा पराभव कुठल्याच सरकारच्या वाट्याला आला नव्हता. सत्ताधारी हुजूर पक्षाच्या 118 खासदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी, म्हणजे ब्रेक्झिटसाठी, आपल्याच पंतप्रधानांनी केलेल्या कराराच्या विरोधात मत दिले होते. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा मात्र हेच खासदार सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि ठराव 325 विरुद्ध 306 असा फेटाळला गेला. करार नको, पण सरकार राहू दे, अशी ही अवस्था होती.

आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला की खासदारकी धोक्यात येते. ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही. पक्ष फार तर खासदाराला संसदीय गटातून काढतो, पण त्याची जागा त्याच्याकडेच राहते. एवढी मोठी बंडखोरी तिथे कशी शक्य झाली, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे आयर्लंडच्या सीमेवर, त्या सीमेसाठी करारात घातलेल्या ‘बॅकस्टॉप’ नावाच्या तरतुदीत आहे, आणि या नोंदीत मुख्यतः त्याबद्दल लिहायचे आहे.

पक्षांच्या आतली ही फूट 2016 मध्ये पडलेली नाही. ऑक्टोबर 1971 मध्ये युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, जाण्याचा ठराव मंजूर झाला तो विरोधी मजूर पक्षाच्या 69 खासदारांनी आपल्या पक्षाचा आदेश झुगारल्यामुळे. पुढच्या फेब्रुवारीत त्यासाठीच्या विधेयकाचे दुसरे वाचन अवघ्या आठ मतांनी पार पडले. 1975 च्या सार्वमतात 67 टक्के लोकांनी समुदायात राहायचा कौल दिला, तेव्हा मंत्र्यांना परस्परविरोधी प्रचार करण्याची मुभा द्यावी लागली होती. त्या काळी बाहेर पडण्याची भाषा डावीकडून जास्त यायची. 1983 च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने समुदाय सोडण्याचेच वचन दिले होते. मग वारे फिरले. 1993 मध्ये समुदायाचा संघ करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराच्या मंजुरीवेळी हुजूर पक्षातल्याच बंडखोरांनी आपल्या पंतप्रधानांना हरवले आणि दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव आणून त्यांना सावरावे लागले. जानेवारी 2019 मध्ये जे दिसले त्याची ही रंगीत तालीम म्हणता येईल.

23 जून 2016 चे आकडे सर्वांना ठाऊक आहेत : 51.9 टक्के विरुद्ध 48.1 टक्के. मतपत्रिकेवरचा प्रश्न मात्र पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. संघात राहायचे की संघ सोडायचा, एवढेच तिथे विचारले होते. सोडून कुठे जायचे, हे विचारलेच नव्हते. त्यामुळे निकालानंतर प्रत्येक गटाने ‘सोडणे’ या शब्दात आपल्याला हवा तो अर्थ भरला.

याच सार्वमताच्या मतदारयादीतला एक तपशील कोकणी-मराठी वाचकांना जवळचा वाटेल. 1961 पूर्वीच्या गोव्याशी असलेल्या नात्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या गावांत त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांचा तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क थेट युरोपीय नागरिकत्वावर उभा होता, आणि नेमक्या त्याच नागरिकत्वामुळे त्यांना या सार्वमतात मत नव्हते. शेजारच्या घरात भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला मात्र राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत होते. ज्याचे भवितव्य ठरत होते तोच यादीबाहेर राहिला, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते.

संसद या प्रश्नात उतरली तीही न्यायालयामुळे. संसदेला न विचारता सरकारला कलम 50 ची, म्हणजे संघ सोडत असल्याची, नोटीस देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 24 जानेवारी 2017 रोजी आठ विरुद्ध तीन मतांनी दिला. खासदारांनी मग 498 विरुद्ध 114 अशा प्रचंड बहुमताने दुसऱ्या वाचनात हिरवा कंदील दाखवला आणि 29 मार्चला नोटीस गेली. दोन वर्षांची मुदत त्या दिवसापासून सुरू झाली. कुठल्या प्रकारचा करार हवा यावर एकमत होण्याआधीच मुदत सुरू करण्याला इतक्या खासदारांनी संमती दिली. नंतर सरकारला दोष देणाऱ्यांपैकीही कितीतरी जण या 498 मध्ये होते.

जूनमध्ये पंतप्रधानांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि होते ते बहुमतही गमावले. 317 जागांवर अडलेल्या हुजूर पक्षाला उत्तर आयर्लंडमधल्या एका युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहू इच्छिणाऱ्या, पक्षाच्या दहा खासदारांचा आधार घ्यावा लागला. वाटाघाटींमधला सर्वांत अवघड प्रश्न उत्तर आयर्लंडचाच होता, आणि सरकारचा जीव आता तिथल्याच एका बाजूच्या हाती होता.

आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधली सीमा सुमारे 500 किलोमीटरची आहे. तिच्यावरून दोनशेहून अधिक रस्ते जातात, कुठे एखाद्याचे शेतच दोन देशांत विभागलेले असते. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचे की आयर्लंडमध्ये जायचे, यावरून झालेल्या तीन दशकांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्या काळात या सीमेवर लष्कराचे मनोरे आणि तपासणी नाके होते. एप्रिल 1998 च्या शांतता करारानंतर ते हटले. दोन्ही देश युरोपीय संघात होते म्हणूनच जकात आणि मालतपासणी यांची गरज तिथे उरली नव्हती. ब्रिटन संघाबाहेर पडले की हीच रेषा संघाची बाहेरची हद्द होणार होती. सार्वमताच्या प्रचारात ब्रिटनच्या मुख्य भूमीवर याबद्दल फार थोडे बोलले गेले. ज्यांनी बोलायचा प्रयत्न केला त्यांना भीती पसरवणारे म्हटले गेले.

इथे दोन शब्दांचा गुंता सोडवावा लागतो, कारण संसदेतली निम्मी भांडणे त्यातूनच झाली. एक ‘कस्टम्स युनियन’ आणि दुसरा ‘सिंगल मार्केट’. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्हींसाठी बिनदिक्कत ‘सामायिक बाजारपेठ’ छापून येत असे. खुद्द ब्रिटिश खासदारांच्या भाषणांतही त्यांची सरमिसळ व्हायची.

मुलुंड किंवा दहिसरचा जकात नाका ज्यांनी पाहिला आहे त्यांना पहिला शब्द लगेच कळेल. 2017 पर्यंत मुंबईत माल शिरताना तिथे जकात भरावी लागे आणि ट्रकच्या रांगा लागत. समजा, शेजारच्या शहरांनी आपसांतले नाके काढून टाकले आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळीकडे एकच दर लावायचे ठरवले, तर ती कस्टम्स युनियन. त्यातल्या एका शहराला मग बाहेरच्या कुणाशी परस्पर वेगळा दर ठरवता येत नाही, कारण स्वस्तात आलेला माल त्याच्या दारातून सगळीकडे पसरेल. जगभर स्वतंत्र व्यापार करार करू असे सांगणाऱ्यांना कस्टम्स युनियन नको होती ती यासाठी.

पण जकात गेली म्हणून तपासणी जात नाही. ट्रकमधले मांस निरोगी जनावराचे आहे का, औषध ठरलेल्या निकषांत बसते का, हे कुणी तरी पाहावे लागते. दोन्ही बाजूंचे नियम एकच असतील आणि त्यांवर एकाच न्यायालयाची देखरेख असेल, तरच ते सीमेवर पाहण्याची गरज संपते. हे सिंगल मार्केट. त्यासोबत माणसांची मुक्त ये-जाही येते, आणि ‘सोडा’ म्हणणाऱ्या कितीतरी मतदारांना तीच थांबवायची होती. तुर्कस्तानची युरोपीय संघाशी कस्टम्स युनियन आहे, तरीही बल्गेरियाच्या सीमेवर ट्रक खोळंबतात. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे पण कस्टम्स युनियनमध्ये नाही, म्हणून स्वीडनच्या सीमेवर जकात चौक्या आहेत. सीमा पूर्ण मोकळी हवी तर निदान मालापुरते दोन्ही लागते.

सरकारने तीन गोष्टींची वचने दिली होती : दोन्हींतून बाहेर पडू, आयर्लंडमध्ये सीमा उभी राहू देणार नाही आणि उत्तर आयर्लंडला उर्वरित ब्रिटनपेक्षा वेगळी वागणूक देणार नाही. यांतली कुठलीही दोन पाळता येतात. तिन्ही एकदम पाळता येत नाहीत. पुढची दोन वर्षे संसदेत जे चालले ते या साध्या गणिताशी झटापट करण्यातच गेले, असे माझे मत आहे.

‘बॅकस्टॉप’ त्या गणितातूनच आला. व्यापार करार वेळेत झाला नाही किंवा झालेल्या करारातून सीमेचा प्रश्न सुटला नाही, तर आपोआप लागू होणारी व्यवस्था, असा त्याचा अर्थ. फेब्रुवारी 2018 मध्ये युरोपीय संघाने पहिला मसुदा दिला. त्यात फक्त उत्तर आयर्लंड संघाच्या जकात हद्दीत राहणार होते. कुठल्याच ब्रिटिश पंतप्रधानाला हे मान्य होणार नाही, असे पंतप्रधानांनी सभागृहात सांगितले. नोव्हेंबरमध्ये 585 पानांचा करार झाला. त्यात संपूर्ण ब्रिटन संघाबरोबर एका जकात क्षेत्रात राहील आणि मालाबद्दलचे जादा नियम उत्तर आयर्लंड पाळेल, अशी तरतूद होती. युनियनिस्टांना दुखवू नये म्हणून आखलेली ही वाट होती. तिच्यातून एकतर्फी बाहेर पडायची सोय मात्र नव्हती.

याच मुद्द्यावर सरकार कायदेशीर सल्ला दडवत होते. 4 डिसेंबरला सभागृहाने 311 विरुद्ध 293 मतांनी सरकारला संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. सरकारवर अशी वेळ पूर्वी कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सल्ला प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलेले आढळले, की नवा करार होईपर्यंत ही व्यवस्था अनिश्चित काळ चालू राहील. बाहेर पडू इच्छिणाऱ्या कट्टर गटाला हा सापळा वाटला. संघात राहू इच्छिणाऱ्यांना वाटले, नियम पाळायचे आणि ते बनवताना मत नाही, यापेक्षा आहे तेच बरे. दोन टोकांचे लोक एकाच लॉबीत मत द्यायला गेले आणि 432 चा आकडा झाला.

त्यानंतर मतदानांची मालिकाच लागली. 12 मार्चला करार पुन्हा पडला, फरक 149. आदल्या रात्री युरोपीय संघाशी बोलून स्ट्रासबुर्गहून आणलेल्या पुरवण्यांनंतरही कायदेशीर धोका तसाच आहे, असे सरकारच्याच विधि सल्लागाराने त्या सकाळी लिहून दिले होते. कराराविना बाहेर पडणेही सभागृहाने नाकारले. एकाच अधिवेशनात तोच प्रस्ताव पुन्हा आणता येत नाही, हा 1604 सालचा दाखला सभापतींनी 18 मार्चला काढला. 29 मार्चला करार तिसऱ्यांदा पडला, 58 मतांनी.

1 एप्रिलकडे मात्र बारकाईने पाहायला हवे. त्या दिवशी खासदारांनी कामकाजाचा ताबा स्वतःकडे घेऊन पर्यायांवर मते नोंदवली. कस्टम्स युनियनचा ठराव 273 विरुद्ध 276 असा पडला. तीन मते. मंत्री तटस्थ होते, स्कॉटिश राष्ट्रवादी तटस्थ होते, आणि दुसरे सार्वमत मागणाऱ्यांपैकी काहींना तडजोड म्हणजे माघार वाटली. दुसऱ्या सार्वमताचा ठरावही 280 विरुद्ध 292 असा पडला. प्रत्येकाने आपल्या पहिल्या पसंतीसाठी दुसरी पसंती मारली. ध्रुवीकरणाचा दोष कट्टर ब्रेक्झिटवाद्यांवर टाकणे सोपे आहे, पण त्या रात्री मवाळांनीही हात आखडला.

मेमध्ये पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. नव्या पंतप्रधानांनी संसद पाच आठवड्यांसाठी तहकूब केली. ती कृती बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा 24 सप्टेंबरचा निकाल अकराही न्यायाधीशांच्या एकमताचा होता. त्याआधीच, 3 सप्टेंबरला सरकारच्या विरोधात मत देणाऱ्या आपल्या 21 खासदारांना हुजूर पक्षाने गटाबाहेर काढले होते. ऑक्टोबरमध्ये नवा करार आला. त्यात बॅकस्टॉप गेला आणि 2018 च्या पहिल्या मसुद्यातली कल्पना थोड्या फरकाने परत आली : नियम फक्त उत्तर आयर्लंडला, तपासणी आयरिश समुद्रावर. वर्षभरापूर्वी युनियनिस्टांच्या अधिवेशनात जाऊन कुठलेही हुजूर सरकार अशी सागरी सीमा मान्य करणार नाही, असे सांगणारे नेतेच आता पंतप्रधान म्हणून ती आणत होते. 12 डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना 365 जागा मिळाल्या. दहा युनियनिस्ट मतांची गरज संपली आणि 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडले.

सागरी सीमेचा राग उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, धुमसत राहिला. फेब्रुवारी 2022 पासून दोन वर्षे तिथले सरकार युनियनिस्टांच्या बहिष्कारामुळे बंद होते. ब्रिटन आणि संघ यांच्यात 2023 मध्ये ठरलेल्या विंडसर आराखड्याने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी हिरवी आणि पुढे संघात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल अशा दोन मार्गिका केल्या. त्या मार्चमध्ये संसदेत 515 विरुद्ध 29 मतांनी त्याच्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि त्या 29 मध्ये सागरी सीमेचा करार करणारे माजी पंतप्रधानही होते. 10 डिसेंबर 2024 ला उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाने ही व्यवस्था चालू ठेवण्याच्या बाजूने 48 विरुद्ध 36 असा कौल दिला. युनियनिस्ट विरोधात राहिल्याने युनियनिस्ट आणि आयरिश राष्ट्रवादी अशा दोन्ही समाजांची संमती मिळाली नाही, आणि म्हणून हा कौल आठऐवजी चारच वर्षांपुरता आहे.