‘कारण सापडलं नाही’ या निदानाची पार्श्वभूमी

रात्री दूध पिऊन निजलेलं बाळ सकाळी थंडगार सापडलं, तर जुन्या इंग्लंडमध्ये पहिलं बोट आईकडे जायचं. झोपेत अंगाखाली चिरडलं असणार! दारूच्या नशेत असं घडलं तर तो गुन्हा, असं १९०८ च्या कायद्यातही होतं. अशा अचानक मृत्यूंसाठी ‘कॉट डेथ’ (कॉट म्हणजे बाळाचा पलंग) हा शब्द आला तो १९५४ मध्ये. त्यात दोष निदान कॉटवर तरी गेला.

खरा गुंता १९६९ पासूनचा. त्या वर्षी सिएटलच्या परिषदेत ‘सिड्स’ (सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, म्हणजे तान्ह्या बाळाचा अचानक मृत्यू) हे नाव ठरलं. नावात सिंड्रोम असल्यामुळे हा एखादा आजार वाटतो. तो आजार नव्हे. शवविच्छेदनासह सगळं तपासून पुरेसं कारण मिळालं नाही, तर उरतं ते सिड्स. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत व्याख्या कडक झाली: वय एक वर्षाच्या आत आणि मृत्यूच्या जागेचीही पाहणी. तरी माझ्या मते १९६९ च्या नावाची मोठी कमाई वैद्यकीय नव्हतीच. १९७१ पासून इंग्लंडमध्ये हे शब्द नैसर्गिक मृत्यूचं कारण म्हणून दाखल्यावर येऊ लागले आणि आईबापांना शेजाऱ्यांपुढे दाखवायला एक कागद मिळाला.

१९८८ पासून इंग्लंडमध्ये अशा घरांत पुढचं मूल जन्मलं की हेल्थ व्हिजिटर (घरी येणारी परिचारिका) आठवड्याला येऊ लागली. वजनाचा तक्ता, दुखण्याखुपण्याची वही, खोलीतला थर्मामीटर, हवा असल्यास श्वास थांबला की वाजणारं यंत्र. १९९१ च्या अखेरीस ‘पाठीवर झोपवा’ मोहीम आली आणि काही वर्षांतच मृत्यू निम्म्याखाली उतरले. पोटावर झोपवण्याचा सल्ला आधी कित्येक वर्षं डॉक्टरच देत होते, हे मात्र मोहिमेच्या कौतुकात मागे पडतं. तिथल्या दक्षिण आशियाई घरांत हे मृत्यू आधीपासूनच कमी होते. बाळ पाठीवर, आईच्याच खोलीत, आणि सिगारेट ओढणाऱ्या आया थोड्या. (आपली मोहरीची उशी मात्र आजच्या सल्ल्यात बसत नाही. पहिलं वर्षभर उशीच नको.)

मग १९९९ चा इंग्लंडमधला खुनाचा खटला. दोन बाळं गमावलेल्या आईविरुद्ध तज्ज्ञाने अशा एका मृत्यूची शक्यता ८,५४३ त एक धरून ८,५४३ ला ८,५४३ ने गुणलं आणि ‘७ कोटी ३० लाखांत एक’ असं ज्यूरीला सांगितलं. एकाच घरातले दोन मृत्यू एकमेकांशी संबंध नसलेले धरले, ही सरळ चूक. २००३ मध्ये ती आई सुटली, तोवर तीन वर्षं तुरुंगात गेली होती. २००४ पासून बालरोगतज्ज्ञ आणि पोलिसांनी मिळून घरी जायचं, बाळ निजलं होतं ती जागा पाहायची, आईबापांचं ऐकून घ्यायचं, अशी पद्धत सुचवली गेली.

त्यानंतर बरेच पॅथॉलॉजिस्ट (शवविच्छेदन करणारे डॉक्टर) दाखल्यावर सिड्सऐवजी ‘कारण निश्चित करता आले नाही’ असं लिहू लागले. शास्त्र म्हणून ते चूक नाही, पण आईबापांना त्यात पुन्हा संशयाचा वास येतो. सरकारी आकडेवारीत दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात येतात.