फडक्याला लागणारा रंग : गाडी घासण्याच्या सवयीची पार्श्वभूमी

आमच्या लहानपणी घरी गडद निळी फियाट होती. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी बाबा पॉलिशचा डबा आणि कॉटन वेस्टचा गोळा घेऊन बसायचे आणि दोन तास बॉनेट घासायचे. घासता घासता गोळा निळा व्हायचा. तो निळा रंग पाहून आम्हाला समाधान वाटायचं, कारण तेवढी ‘मळ’ निघाली असा आमचा समज. ती मळ नव्हती, गाडीचा रंग होता. तरीही बाबांचं काही चुकत नव्हतं. त्या काळच्या रंगाला चकाकी आणायची तर वरचा थर काढावाच लागे. पुढे गाड्यांचा रंग मुळापासून बदलला. घासणारा हात मात्र तसाच राहिला, आणि आजच्या गाड्यांवर उन्हात दिसणारे कोळिष्टकासारखे गोल ओरखडे बरेचसे त्या हाताचे आहेत.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेल्या बग्ग्याच होत्या आणि त्यांना रंग देणारे कारागीरही बग्गीवालेच. जवसाच्या तेलातला रंग आणि व्हार्निश ब्रशने थरावर थर चढवायचं, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. हे व्हार्निश नाजूक असे. म्हणून युरोपातल्या श्रीमंत घरांत गाडीखाना आणि तबेला शक्यतो वेगळे ठेवत, कारण घोड्याच्या लिदीतून निघणाऱ्या अमोनियाने व्हार्निशची चकाकी जाते. चिखल वाळू द्यायचा नाही, उन्हात धुवायचं नाही, भरपूर पाणी सोडून स्पंज फिरवायचा आणि शेवटी शॅमी लेदरने, म्हणजे मऊ कमावलेल्या चामड्याने, पाणी टिपायचं, ही शिस्त कोचवानांची. आज ‘गाडी सावलीत धुवा’ म्हणून जो सल्ला मिळतो तो दीडशे वर्षं जुना आहे आणि अजूनही बरोबर आहे. कोचवान घासत नसत, टिपत असत. घासण्याचा भाग नंतर आला.

मोटारी हजारांनी बनू लागल्यावर रंग वाळण्याची वाट पाहणं परवडेना. रंग ओला आहे म्हणून गाड्या उभ्या ठेवायला कारखान्यात जागा तरी किती लागणार! फोर्डने १९१४ पासून पुढची अकरा-बारा वर्षं मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागे हाच हिशेब होता. डांबराच्या जातीचं काळं इनॅमल स्वस्त होतं, टिकाऊ होतं आणि भट्टीत भाजून लवकर कडक होत होतं.

कोंडी फुटली ती बंदुकीच्या दारूमुळे. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोज, म्हणजे त्या दारूचा मुख्य घटक, बनवण्याची प्रचंड क्षमता उभी केली होती. युद्ध संपल्यावर त्याचं करायचं काय? न्यू जर्सीतल्या पार्लिन इथे कंपनीची फोटोफिल्मवर काम करणारी प्रयोगशाळा होती. १९२० साली तिथे योगायोगानेच एक गोष्ट सापडली : नायट्रोसेल्युलोजचं घट्ट द्रावण विशिष्ट परिस्थितीत इतकं पातळ होतं की त्यात भरपूर रंगद्रव्य मिसळून ते फवारता येतं. त्यातून ‘ड्युको’ हे लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा चकचकीत रंग, तयार झालं. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या या रंगात बाजारात आल्या, निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि ब्रशची जागा स्प्रे गनने घेतली. दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली तेव्हा रंगांच्या सीमेवर लावलेला कागद काढताना रंगही सोलून निघे. पेंटरांची ही चिडचिड थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुण कर्मचाऱ्याने गॅरेजात पाहिली आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप बनवली.

ड्युको हा शब्द आपल्याकडे इतका रुजला की तो एका कंपनीच्या मालाचं नाव होता हे कुणाच्या ध्यानातही नसतं. सुतार आजही कपाटाला ‘ड्युको मारू का?’ असं विचारतो.

या रंगाची एक खोड होती. फवारल्यावर तो मंद, निस्तेज दिसे. पॉलिश पेपर मारून, कंपाउंडने (बारीक कणांच्या घासायच्या लुगदीने) घासल्यावरच त्याला चकाकी येई. म्हणजे घासणं हा कारखान्यातल्या कामाचाच भाग होता. गाडी रस्त्यावर आली की ऊन-पावसाने वरचा थर मरायचा, पांढुरका व्हायचा, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागायची. मालकाने पुन्हा घासलं की खालचा जिवंत रंग वर यायचा. चकाकी, मरण, घासणं, पुन्हा चकाकी! या चक्रावर एक अख्खा धंदा उभा राहिला. ड्यूपाँ एकीकडे रंग विकत होती आणि दुसरीकडे त्याच रंगासाठी ‘नंबर ७’ नावाचं पॉलिश.

पॉलिशचा धंदा त्याआधीच सुरू झालेला होता. फ्रँक मेग्वायर १९०१ मध्ये इंडियाना राज्यात घराच्या गॅरेजात लाकडी फर्निचरसाठी पॉलिश बनवू लागले. गाड्यांची बॉडीही तेव्हा बरीचशी लाकडी आणि व्हार्निशची असल्याने तो माल गाड्यांवरही चालला. शिकागोत १९१० मध्ये ‘सिमनाइझ’ आलं. आधी एका डब्यातल्या क्लीनरने मेलेला थर काढायचा, मग दुसऱ्या डब्यातलं मेण चढवायचं. अमेरिकन लोकांच्या तोंडी हे नाव क्रियापद म्हणून बसलं, गाडी ‘सिमनाइझ करणं’. १९४० च्या दशकात त्याच शहरात बेन हर्श बाथटबमध्ये पॉलिश ढवळून विकू लागले, ते पुढचं टर्टल वॅक्स. त्यांची युक्ती मला फार आवडते. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचं एकच मडगार्ड पॉलिश करायचं आणि मालक येईपर्यंत थांबायचं. एक मडगार्ड आरशासारखं आणि बाकी गाडी मळकट, अशा अवस्थेत घरी जायला कोण तयार होईल?

या डब्यांतली किमती चीज म्हणजे कार्नौबाचं मेण. ईशान्य ब्राझीलमध्ये, सियारा आणि पियाउई या कोरड्या राज्यांत, एक ताड वाढतो. उन्हाळ्यात पानांतलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेणाचा पातळ थर चढवतो. पानं कापून वाळवली आणि झोडली की मेणाची भुकटी पडते. हे मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांनाच पाघळतं. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून पाहा, म्हणजे हा फरक का महत्त्वाचा ते कळेल. जॉन्सन वॅक्स कंपनीचे मालक हर्बर्ट जॉन्सन तर १९३५ मध्ये विस्कॉन्सिनहून स्वतःचं विमान घेऊन या ताडाच्या शोधात फोर्तालेझापर्यंत गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकॉन आलं. लावायला सोपं, चकाकी झटपट. पेंटर मात्र त्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला की त्यावर मारलेल्या नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आपल्याकडे १९८० च्या दशकापर्यंत रस्त्यावर मुख्यतः दोनच गाड्या दिसायच्या : उत्तरपाड्याची अँबेसिडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जी १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. रंग एकाच थराचा. त्यात जी काही चकाकी असायची ती रंगाचीच. गॅरेजमधला पेंटर लांबी भरून, वॉटर पेपर मारून, गनने दोन हात द्यायचा आणि वर रबिंग करायचा. ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्द तिथून आला. घरी ज्यांच्याकडे पॉलिश नसे ते रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं फिरवत. गाडी क्षणभर झळाळायची आणि पुढच्या तासात रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलकटपणावर बसायची.

खरा बदल मारुतीच्या पिढीत झाला. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० बाहेर पडली. रंगही त्याच वळणावर बदलत गेले. लोअर परळला १९२० मध्ये गाहागन पेंट्स म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे गुडलास नेरोलॅक झाली, मग जपानच्या कान्साईकडे गेली आणि देशातल्या गाड्यांच्या रंगाचा मोठा वाटा तिच्याकडे आला. नव्या पद्धतीत उघडा पत्रा आधी रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर बसवतात, त्यामुळे गंज मागे हटला. मग मधला थर, मग रंगाचा पातळ थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. मेटॅलिक रंगांना त्याची गरजच होती, कारण ॲल्युमिनियमचे कण उघडे पडले तर काळवंडतात. चकाकी आता रंगाची नाही, त्या पारदर्शक थराची आहे. ऊन अडवणारी रसायनंही त्याच थरात असतात.

हा थर किती जाड? साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉनचा धरला तर त्याहूनही पातळ. एका जोरदार रबिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. खालून वर यायला आता कुणी शिल्लक नाही. माझ्या पहिल्या गाडीला एका गॅरेजने सर्व्हिसिंगच्या बिलात न विचारता रबिंग जोडलं, सलग तीन वर्षं. मीही खूश होतो, गाडी नवी दिसायची. चौथ्या वर्षी बॉनेटच्या कडेला पांढरे पोपडे सुटले. कडेला थर मुळातच पातळ असतो आणि मशीनचा दाब तिथेच जास्त पडतो, हे मला पोपडे सुटल्यावर कळलं.

क्लिअर कोटच्याही स्वतःच्या तक्रारी निघाल्या. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे आम्लयुक्त दव आणि कडक ऊन यांनी नव्याकोऱ्या गाड्यांवर खड्ड्यांसारखे डाग पाडले. रंग कंपन्या पुढे मुद्दाम तिथेच आपले नमुने उन्हात ठेवू लागल्या. आपल्याकडे हेच काम कावळ्या-कबुतरांची विष्ठा आणि बोअरवेलचं पाणी करतं. बोअरच्या पाण्यातला चुना थेंबाच्या कडेने पांढरी कडी सोडून जातो, ती उन्हात भाजली की निघता निघत नाही. म्हणून कोरडं करणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं ठरलं, आणि कोचवानांची शॅमी पुन्हा आठवली.

तिची जागा मात्र मायक्रोफायबरने घेतली. केसापेक्षा कितीतरी बारीक कृत्रिम धागे बनवण्याचं तंत्र जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० च्या सुमारास विकसित केलं, तेही कृत्रिम स्वेडसाठी, म्हणजे मखमली पोताच्या चामड्यासारख्या कापडासाठी. पुसण्याची फडकी नंतर आली. क्ले बारही जपानचाच. दुरुस्तीच्या वेळी गाडीवर उडालेले रंगाचे तुषार न घासता काढायचे म्हणून पेंट शॉपमध्ये मातीसारखा मऊ गोळा वापरू लागले. साबणाच्या पाण्यावर तो घसरवला की रंगात रुतलेले कण तो उचलून घेतो. मुंबईत लोकल लाइनच्या कडेला गाडी लावणाऱ्यांना याचा उपयोग कळेल, रुळांवरून उडणारे लोखंडाचे बारीक कण क्लिअरमध्ये रुतून तांबूस ठिपके पडतात. रंग वाचवायला गाडीवर चिकटवतात त्या पारदर्शक फिल्मची कथा आणखी वेगळी. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांची झीज रोखायला थ्रीएमने बनवलेली युरेथेनची टेप ही तिची आजी. सिरॅमिक कोटिंगचा गाजावाजा मात्र जरा जास्तच होतो. काचेच्या जातीचा हा पातळ थर मेणापेक्षा खूप टिकतो, पाणी झटकतो, हे खरं. पण मळक्या फडक्याचे ओरखडे त्याच्यावरही पडतात.

पाण्याचा प्रश्न या सगळ्यातून सुटत नाही. जर्मनीत अनेक गावांत घरासमोर गाडी धुवायला बंदी आहे, कारण तेल आणि साबण गटारातून नदीत जातात. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५,००० रुपये दंड लावला. आपल्याकडेही टँकर सुरू झाले की सोसायटीच्या फलकावर पहिली सूचना गाड्या न धुण्याचीच लागते. मग एका बादलीत अख्खी रांग पुसली जाते. एका गाडीची वाळू दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर फिरते, आणि ती काढायला पुन्हा रबिंग. बादलीभर पाण्यात मिसळायची, नंतर धुवायला न लागणारी द्रावणं आता मिळतात. धूळ वंगणासारख्या थरात गुंडाळून उचलायची आणि दर हाताला फडक्याची नवी घडी घ्यायची. पाणी कमी लागतं, फडकी जास्त.

दसऱ्याचं काय, हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक ओल्या हाताने काढावं आणि आरती झाल्यावर पाणी ओतून धुवावं. हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर ऊन तो हळूहळू उडवतं. वाळल्यावर कोरड्या फडक्याने खरवडलं की मात्र स्वस्तिकाच्या जागी ओरखडे दिवाळीपर्यंत दिसतात.

गेल्या वर्षी मी आमच्या गाडी पुसणाऱ्याला मायक्रोफायबरची चार नवी फडकी दिली. पंधरवड्याने पाहिलं तर बॉनेटवर त्याचा जुना गंजीफ्रॉक फिरत होता आणि नवी फडकी घडी घालून डिकीत ठेवलेली. विचारल्यावर म्हणाला, ‘‘साहेब, एवढं चांगलं कापड, घाण कशाला करायचं?’’