रोयणीतली अळमी आणि वाळवीचा पहारा

पावसाळ्यात गोव्याच्या रानात रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, अळमी (खायची रानअळंबी, एक बुरशीच) उगवली की भाव कितीही चढो, गिऱ्हाईक हटत नाही. ज्या वारुळाला आपण सातेरी देवी म्हणून पुजतो, त्याच्या पोटात वाळवी या अळमीचे मळे पिकवते. आतली हवा दमट, उबदार आणि वस्ती दाट. कुठल्याही बुरशीला आयतंच रान! तरी दुसरी बुरशी तिथे डोकं वर काढत नाही. वाळवीनं वारूळ सोडलं, की मात्र दबून राहिलेली झायलेरिया बुरशी थोड्याच दिवसांत मळे व्यापून टाकते.

बुरशी कीटकाचा जीव घेते हे १८३५ मध्ये इटलीच्या आगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांवर सिद्ध केलं. ती बुरशी आज त्यांच्याच नावानं, बोव्हेरिया बासियाना म्हणून ओळखली जाते.

पुढे बराच काळ अभ्यास झाला तो एकेकट्या किड्याच्या प्रतिकारशक्तीचा. गर्दीत साथ झपाट्यानं पसरणार, हे गृहीतच होतं. १९९८ मध्ये रिबेका रोझेनगॉस आणि सहकाऱ्यांनी लाकडात राहणाऱ्या वाळवीला कीटकांना मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीचे बीजाणू (तिच्या सूक्ष्म बियाच म्हणा) लावले, तेव्हा एकटीपेक्षा घोळक्यातली वाळवी जास्त जगली. कारण सोबतिणी तिचं अंग चाटून बीजाणू गिळतात आणि पोटात ते रुजत नाहीत. बीजाणू लागलेली वाळवी अंग थरथरवून इशाराही देते. तो मिळताच बाकीच्या दूर पळतात.

२००६ मध्ये मधमाशीचा जनुकसंच उलगडला. रोगप्रतिकाराची जनुकं फळमाशीच्या जेमतेम एक तृतीयांश निघाली. पाठोपाठ २००७ मध्ये सिल्व्हिया क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ‘सामाजिक प्रतिकारशक्ती’ ही कल्पना मांडली: रोगाशी एकेकटा जीव नव्हे, तर सगळी वसाहत मिळून लढते. माझ्या मते या विषयाला खरं वळण इथेच लागलं. ऑस्ट्रेलियातल्या फुलकिड्यांमध्ये तर शत्रूशी झुंजणारे सैनिकच बुरशीविरोधी द्रव्यंही बाळगतात, असं २०१२ मध्ये दिसलं.

मग समाज जितका मोठा तितकं औषध कडक? तसंही नाही. २०१८ मध्ये मुंग्यांच्या २० जाती तपासल्या, तर ८ जातींच्या अंगावरच्या द्रव्याचा चाचणीतल्या जिवाणूवर काहीच परिणाम दिसला नाही. आपल्या आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांना तर इतर बहुतेक मुंग्यांकडे असणारी जंतुनाशक ग्रंथीच नसते. त्यांची मदार पोटाच्या टोकातून फवारल्या जाणाऱ्या फॉर्मिक आम्लावर आणि एकमेकींची अंगं साफ करण्यावर.